बिलाची खिडकी: वॉर्डाजवळ की एकाच जागी?

सोलापूरचं सिव्हिल नुसतं शहराचं नाही. अक्कलकोट, धाराशिव आणि पलीकडून विजयपूर-कलबुर्गीचेही पेशंट इथेच येतात. केसपेपरच्या रांगेत मराठीइतकीच कन्नड आणि तेलुगू कानावर पडते. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची बिलं आणि वसुली एका जागी आणावी का, हे ठरवणाऱ्याने आधी पैसा कुठून येतो ते पाहावं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. सिव्हिल मात्र वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडचं. तो निर्णय त्या विभागाला लागू नव्हता. त्यात महात्मा फुले योजनेचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. म्हणजे पेशंटकडून खिडकीवर जमणारी चिल्लर एकीकडे आणि योजनेचे दावे, म्हणजे उपचाराचे पैसे योजनेकडे मागणं, दुसरीकडे. दोन्हींना एकच औषध चालणार नाही.

चिल्लरीचं आधी. विभागागणिक खिडकी असली की एक्स-रेची पावती एक्स-रेच्या दारातच मिळते, नातेवाइकाला पेशंट सोडून दोन मजले उतरावं लागत नाही. पण हिशेब फुटतो. एका सरकारी रुग्णालयात माझ्या मावशीचा डिस्चार्ज अडला होता: सोनोग्राफीच्या पैशांची नोंद विभागाच्या कपाटात, कपाटाला कुलूप, वार रविवार. मावशी ठणठणीत बरी होऊन सोमवारी साडेदहापर्यंत खाटेवर बसून. एकच केंद्र असतं तर हे झालं नसतं; पण सर्व्हर बसला की अख्खी रांग बसते, तेही खरं.

दाव्यांचं गणित वेगळं. पूर्वमंजुरी, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, यातला एक कागद राहिला की योजनेकडून विचारणा येते आणि दावा लटकतो. ती वसुली पेशंटकडून नसतेच, त्यामुळे तिचा पाठपुरावा एकाच कक्षाने करावा, यात मला तरी शंका नाही.

मात्र कागद जन्मतो खाटेपाशी. योजनेसाठी ओळख पटवायला जावं, तर आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही, रेषाच झिजलेल्या. ओटीपी मागवावा तर मोबाइल पोराकडे, पोरगा पुण्यात. अशा वेळी तळमजल्यावरचा केंद्रीय कक्ष काय करणार? खाटेपाशी तिची भाषा बोलणारा आरोग्यमित्रच, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला मदतनीसच लागतो.

म्हणून माझं मत: दावे एका कक्षात, माणूस वॉर्डात. रोखीच्या खिडक्या आहेत तिथेच राहू द्या, पण पेशंटचा नंबर एक आणि सॉफ्टवेअर एक. स्वतंत्र पावतीपुस्तकं बंद. एक पुस्तक लाइट गेल्यावरसाठी ठेवा, आणि त्या कपाटाची किल्ली रविवारी ड्यूटीवर असेल त्याच्या खिशात.