मराठी टंकलेखन: इनस्क्रिप्ट की फोनेटिक?

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या ज्या चादर-टॉवेलच्या दुकानाचा पत्रव्यवहार मी सांभाळतो, तेथे पहिली दोन वर्षे मी फोनेटिक पद्धतीने मराठी लिहिले आणि त्यानंतर आजवर इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेने लिहितो आहे. त्यामुळे पुढील तुलना अगदी तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. दोन्हींतून युनिकोडच, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारा मजकूर मिळतो, म्हणून फॉन्टचा प्रश्न येथे घेत नाही.

फोनेटिकची सोय नाकारता येणार नाही. रोमन लिपीत शब्द लिहावा, स्पेसबार दाबावा आणि देवनागरी शब्द उमटावा, इतके ते सोपे आहे. मे 2019 च्या अद्ययावतीकरणापासून विंडोज 10 मध्येच मराठी फोनेटिक कळफलक मिळू लागल्याने निराळे काही उतरवून घेण्याचीही गरज उरली नाही. आज शिकून आजच अर्ज लिहायचा असेल, तर याला तोड नाही.

माझे बिनसले ते ‘ळ’वरून. सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी करमाळा, मोहोळ, मंगळवेढा आणि माळशिरस या चार नावांत ‘ळ’ आहे, सांगोल्यात मात्र ‘ल’ आहे, आणि रोमन लिपीत आपण सवयीने दोन्हींसाठी एकच अक्षर दाबतो. मग कोणता शब्द हवा याचा अंदाज यंत्र बांधते. तो बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि खरी अडचण तीच आहे. कारण दहा वेळा बरोबर आल्यावर अकराव्या वेळी आपण पडद्याकडे पाहातच नाही. एकदा करमाळ्याच्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या पत्रात ‘कालच्या गाडीने’ ऐवजी ‘काळाच्या गाडीने माल पाठवला आहे’ असे छापले गेले. त्यांनी फोन करून, ‘ती गाडी आमच्याकडे न आलेलीच बरी,’ असे सांगितले. हसण्यावारी गेले, पण त्या दिवसापासून प्रत्येक शब्दानंतर मान वर करून पर्याय तपासण्याचा मला कंटाळा येऊ लागला. समोर बिलांचा गठ्ठा असताना नजर कागदावर हवी, सूचनांच्या यादीवर नव्हे.

इनस्क्रिप्टमध्ये अंदाज हा प्रकारच नाही. 1986 मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या या रचनेत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. ‘ल’च्याच कळीवर शिफ्ट धरली की ‘ळ’ येतो आणि ‘र’च्या कळीवर शिफ्ट धरली की ‘व्यापाऱ्या’तला ‘ऱ’ मिळतो. जे दाबले तेच उमटते, चूक झाली तर ती आपली असते. सुरुवात मात्र कष्टाची आहे. रोज अर्धा तास देऊनही मला हात बसायला तीन आठवडे लागले, आणि त्या काळात मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना कदाचित अधिक त्रास होईल, कारण त्यांना पहिली वेलांटी अक्षराआधी देण्याची सवय असते, तर येथे ती अक्षरानंतर द्यावी लागते.

आपल्या गावाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इनस्क्रिप्टमधील अक्षरांच्या जागा भारतीय लिप्यांसाठी जवळपास समान ठेवलेल्या आहेत. आमच्या दुकानातला मुलगा घरी तेलुगू बोलतो. मराठी टंकन शिकल्यावर त्याने भाषा बदलून त्याच कळांवर तेलुगू लिहायला घेतले, आणि ‘क’ कोठे आहे हे त्याला पुन्हा शोधावे लागले नाही. कन्नडभाषकांनाही हाच लाभ मिळेल.

फोनवर हा आग्रह मी धरत नाही. तेथे घरच्या गप्पांसाठी मीही फोनेटिकच वापरतो, आणि ‘काळ’चा ‘काल’ झाला तरी बहीण समजून घेते.

महिन्यातून एखादेच पत्र लिहिणाऱ्याने फोनेटिकवर थांबायला हरकत नसावी. रोज पानभर मराठी लिहावे लागणाऱ्याने मात्र, कामाची घाई नसलेले तीन आठवडे निवडून, इनस्क्रिप्ट एकदा करून पाहावे असे मला वाटते. कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर चिकटवण्याचा मोह शक्यतो टाळावा. मी ते चिकटवले होते आणि ते काढल्यानंतरच माझी नजर कळफलकावरून उठली.