पोची सूडकथा वाचायचीय? आधी 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो' घ्या की 'हॉप-फ्रॉग'?

अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या या दोन्ही कथांत जल्लोष आहे, दारू आहे, विदूषक आहे आणि सूड आहे, त्यामुळे एक वाचली की दुसरी तशीच असेल असं वाटतं, पण तसं अजिबात नाहीये. (शेवट आधी कळलेला चालत नसेल तर इथेच थांबा.)

'कास्क' १८४६ ची. इटलीतलं कार्निव्हल ऐन भरात आलंय, फॉर्च्युनाटो पट्ट्यापट्ट्यांचा विदूषकी ड्रेस आणि घुंगरांची टोपी घालून फुल टाइट आहे, आणि मॉन्ट्रेसॉर अमॉन्टिलाडो या भारी वाईनचं आमिष दाखवून त्याला घराखालच्या तळघरात नेतो, जिथे खानदानातल्या मेलेल्यांची हाडं रचून ठेवलीयेत. घरात नोकर एकही नाही. त्याने त्यांना बजावलेलं असतं की मी सकाळपर्यंत येणार नाही, तुम्ही घर सोडायचं नाही, आणि त्याला पक्कं माहीत की पाठ वळताच सगळे कार्निव्हलला पळणार! म्हणजे सणानेच साक्षीदार हटवले. मग खाली फॉर्च्युनाटो तिथे पुरलेल्यांच्या नावाने पितो आणि मॉन्ट्रेसॉर त्याच्या दीर्घायुष्यासाठी. शेवटी मॉन्ट्रेसॉर त्याला जिवंतच भिंतीआड चिणतो, आणि ती भिंत पूर्ण होताना आतून नुसती घुंगरं वाजतात, तिथे माझ्या तरी अंगावर काटा येतो.

'हॉप-फ्रॉग' १८४९ ची. इथे उत्सव बाहेर राहत नाही, सूड भर दरबारात, मास्करेडमध्येच (वेश-मुखवटे घालून नाचायच्या समारंभात) घेतला जातो. थट्टेची हौस असलेला राजा बुटक्या विदूषकाला बळजबरीने दारू पाजतो, त्याच्या मैत्रिणीच्या तोंडावर प्याला रिकामा करतो, आणि तोच विदूषक राजा आणि सात मंत्र्यांना डांबर फासून, वर जवसाचे तंतू चिकटवून, साखळीने बांधून ओरांगउटान माकडं बनवतो. पाहुण्यांना घाबरवायची गंमत म्हणून ते आठही जण हौसेने तयार होतात, दारांना कुलपं लावायचा हुकूमही राजाचाच. मग विदूषकाच्या हातची मशाल त्यांना लागते. १३९३ मध्ये फ्रान्सचा सहावा चार्ल्स असाच रानटी माणसाच्या वेशात नाचताना आगीतून वाचला होता, सोबतचे चौघे गेले, त्यामुळे हे सगळं निव्वळ कल्पनेतलं वाटत नाही.

सूडाचं कारण स्पष्ट हवं, कुणाची तरी बाजू घ्यायची असेल तर 'हॉप-फ्रॉग' घ्या. माझं मत विचाराल तर आधी 'कास्क'च, कारण तिथे अपमान नेमका कोणता हे पो शेवटपर्यंत सांगतच नाही आणि तरी आपण त्या खुन्याच्या मागोमाग तळघरात उतरत राहतो.