कमरेची कॅमेरा बॅग: वारी, राजगड, भिगवण करून दहा महिन्यांनी लिहितेय

मागच्या मे महिन्यात कमरेला बांधायची कॅमेरा बॅग घेतली, आता दहा महिने होत आले, म्हणून म्हटलं आता नीट लिहावं. घेताना मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे बॅग घरी आल्या आल्या लिहिलेले होते, कप्पे किती, झिप कशी सरकते, रंग फोटोसारखाच आहे का. त्यातलं मला पुढे काहीच कामाला आलं नाही. या बॅगेचं खरं काय ते पहिला पाऊस लागल्यावर आणि पहिल्यांदा सात-आठ तास बांधून चालल्यावरच कळतं.

आधी ही का घेतली ते सांगते. पाच-सहा वर्षं मी एका खांद्यावर लटकवायची बॅग वापरत होते, आणि उजवा खांदा आणि मान इतकी धरायला लागली की फिजिओथेरपीला जावं लागलं. तिथे पहिलीच गोष्ट सांगितली की एका बाजूला वजन बंद करा. सॅक होती घरात, पण सॅकचा प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये, लेन्स बदलायची म्हणजे थांबा, उतरवा, खाली ठेवा, उघडा, आणि तोपर्यंत समोरचं निघून गेलेलं असतं. गर्दीत तर खाली ठेवायला जागाच नसते. मग कमरेची बॅग, म्हणजे वजन खांद्यावर नाही, थेट कमरेच्या हाडांवर, आणि मागे असली तरी फिरवून पुढे घेता येते.

माझं सामान असं आहे: कॅनन आर 7 कॅमेरा बॅटरी-कार्डासकट 612 ग्रॅम, त्यावर 18-150 एमएम लेन्स 310 ग्रॅम, लांबचं टिपायची 100-400 एफ 5.6-8 आहे ती 635, आणि एक 50 एमएम 160. बेरीज 1717 ग्रॅम. दोन जादा बॅटऱ्या, कार्डं, कापड, धूळ उडवायचा ब्लोअर धरून दोन किलोच्या आत. रिकामी बॅग आठशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कमरेवर पावणेतीन किलो, आणि हे आकडे घरच्या काट्यावर ठेवून बघाच बॅग घेण्याआधी, कारण माझ्या अनुभवात सामान दोन किलोच्या वर गेलं की मजा संपते. माझ्या मैत्रिणीकडे फुल फ्रेम डीएसएलआर, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, आणि 70-200 एफ 2.8 आहे, ती लेन्स एकटीच दीड किलोच्या जवळपास, तिने माझी बॅग एकदा पर्वतीवर चढताना लावून बघितली आणि अर्ध्या वाटेत काढून दिली, मागून कोणीतरी खाली ओढतंय असं वाटतं म्हणाली. बरोबरच आहे तिचं. एवढं जड सामान असेल तर सॅकच घ्या, किंवा माइंडशिफ्ट कंपनीच्या रोटेशन 180 सारखी, जिच्यात सॅक पाठीवरच राहते आणि फक्त खालचा कमरेचा भाग फिरून पुढे येतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. मी बॅग निवडताना कप्पे बघत बसले आणि बघायला पाहिजे होता पट्टा. म्हणजे कमरेचा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे रुंद पंख असतात ना, ते. माझी कंबर तीस इंच. या बॅगेचे पंख मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेले, त्यामुळे मी पट्टा आवळायला गेले की दोन्ही पंख पुढे एकमेकांना येऊन टेकायचे आणि त्यापुढे पट्टा आवळताच यायचा नाही, बक्कल नुसतंच मध्ये अडकून बसायचं. बॅग सैल राहिली की ती चालताना हळूहळू घसरत मांडीवर येते, प्रत्येक पावलाला मागे थप थप आपटते, आणि वजन हाडांवर जाण्याऐवजी पाठीच्या खालच्या भागावर येतं. पहिले तीन आठवडे मला वाटत होतं की हा प्रकारच आपल्यासाठी नाही, परत करून टाकू. परत करायची मुदतही तोपर्यंत संपली होती.

मग आमच्या इथे शाळेच्या बॅगा, सुटकेसच्या झिपा वगैरे दुरुस्त करणारे एक काका बसतात त्यांच्याकडे नेली. त्यांनी बॅग माझ्या कमरेला लावून बघितली, खडूने दोन खुणा केल्या आणि म्हणाले, "ताई, पट्ट्याला हात नाही लावत, हे फोम दोन्हीकडून दोन-दोन इंच मागं घेतो, मग बघा कसं बसतंय." दीडशे रुपये घेतले. त्या दीडशे रुपयांनी बॅगेचे सगळे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. आता पट्टा बसतो तो परकराची नाडी बांधतो त्याच्या जरा खाली, दोन्ही बाजूंची हाडं हाताला लागतात बरोबर त्यांच्यावर, पोटावर नाही. पोटावर बांधली तर जेवल्यावर त्रास होतो, आणि वजनही पेलत नाही. बारीक कंबर असलेल्या मुलींनी आणि बायकांनी हे नक्की बघा, पट्टा पूर्ण आवळल्यावर दोन पंखांच्या मध्ये निदान चार बोटं जागा उरली पाहिजे, नाहीतर ती बॅग तुमच्यासाठी नाही. कंपनीवाले लिहितात ती माप-पट्टी बहुतेक वेळा जास्तीत जास्त किती कमरेला पुरेल एवढंच सांगते, कमीत कमी किती ते शोधावं लागतं.

जूनमध्ये वारीला नेली. पुण्याचा मुक्काम झाला की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, तो सगळा टप्पा चालले. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, तो चढ बघायला आणि टिपायला दोन्हीकडे माणसंच माणसं, हात वर करायला जागा नसते अशी गर्दी. इथे या बॅगेने जीव लावला खरंच. बॅग पोटाशी, झाकण उघडं, डाव्या हाताने लांबची लेन्स काढायची आणि उजव्याने छोटी आत सरकवायची, पायाखाली न बघता आणि न थांबता. मधे एकदा मी बॅग मागे ठेवून चालत होते तर शेजारून तुळस डोक्यावर घेतलेली एक आजी म्हणाली, "माऊली, ती पिशवी म्होरं घे गं, गर्दीत म्हागं काय चाललंय ते दिसत न्हाई." तिचं ऐकलं आणि दिवसभर पुढेच ठेवली. शिवाय बॅगेबरोबर जो खांद्याचा पातळ पट्टा येतो तो गर्दीत लावून ठेवायचाच, वजनासाठी नाही, तर कुणाचा धक्का लागून बक्कल सुटलं तर बॅग खाली पडू नये म्हणून.

पण त्याच दिवशी दुपारनंतर पाऊस आला आणि बॅगेची खरी खोड तिथे कळली. रेनकव्हर होतं, लगेच चढवलं, निर्धास्त झाले. तासाभराने हात घातला तर आतली पाठीकडची भिंत ओली! झिपेतून नाही, वरून नाही. झालं होतं असं की रेनकव्हर बाहेरच्या बाजूने बसतं, जी बाजू आपल्या अंगाला टेकते ती उघडीच असते, आणि जॅकेटवरून ओघळलेलं पाणी सरळ अंग आणि बॅग यांच्या फटीत जाऊन त्या जाळीच्या फोममध्ये जिरत राहतं. फोम स्पंजसारखा भरतो आणि मग आत झिरपतं. हे माझ्याच बॅगेचं नाही, या पद्धतीचं कव्हर ज्या ज्या बॅगेला असेल तिथे होणार. आर 7 ला पाण्या-धुळीपासून थोडंफार सील आहे, माझ्या 100-400 ला नाही, त्यामुळे पोटात गोळाच आला होता. सुदैवाने लेन्स कोरडी होती. त्यानंतर पावसात मी दोन गोष्टी करते, एक म्हणजे बॅग पोंचोच्या आत बांधते, बाहेर नाही, आणि दुसरं म्हणजे लांबची लेन्स आत एका तोंड गुंडाळून बंद करायच्या वॉटरप्रूफ पिशवीत ठेवते. एवढं केल्यावर पुन्हा कधी ओलं झालं नाही.

आणि घरी आल्यावर सामान लगेच बाहेर काढायचं. ओल्या फोमच्या बॅगेत रात्रभर लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत आर्द्रता कायम सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर असते, लेन्स 40 ते 50 टक्क्यांत ठेवायची असते. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचा छोटा हायग्रोमीटर, माझं तेवढ्यावर भागतं. बॅग मात्र पंख्याखाली उलटी टांगून ठेवायची, वाळायला दोन दिवस लागतात.

ट्रेकचं वेगळं सांगते. सप्टेंबरमध्ये राजगडला गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढलो. पाठीवर छोटी सॅक, तिचा स्वतःचा कमरेचा पट्टा, आणि त्याच्यावर पुढे ही बॅग. सॅकचा पट्टा आधी बांधायचा की हिचा, यात अर्धा तास गेला, शेवटी सॅकचा पट्टा सोडूनच दिला. चढताना गुडघा उचलला की बॅगेला लागायचा, रेलिंगच्या टप्प्यात मग ती मागे सॅकच्या खाली ढकलली. चोर दरवाज्यात वाकून आत शिरताना तिथेच अडकले, सॅक वर दगडाला आणि बॅग बाजूला. दोन्ही मिळून आपली उंची-रुंदी किती झालीये याचा अंदाजच राहत नाही. पण सगळ्यात महत्त्वाचं उतरताना कळलं. बॅग पुढे असली की पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही! निसरड्या पायऱ्या, शेवाळ, आणि आपण अंदाजाने पाय टाकतोय, हे फार वाईट आहे. उतरताना बॅग डाव्या कुशीला, अजिबात पुढे नाही, आणि अवघड टप्प्यात कॅमेरा आत, झिप पूर्ण बंद. ज्यांचे ट्रेक शिड्यांचे, रॉक पॅचचे असतात त्यांनी ही बॅग एकटीच न्यावी किंवा नेऊच नये, सॅकबरोबर दोन्ही नको.

जानेवारीत भिगवणला नेली, उजनीच्या पाण्यावर. होडीत बसल्यावर कमरेची बॅग मांडीवर टेबलासारखी होते, ते छान वाटतं, पण लाइफ जॅकेट घातलं की त्याची खालची कड आणि बॅग एकमेकांना भिडतात. मी होडीत कमरेचं बक्कल सोडूनच ठेवते, पाण्यात पडायची वेळ आली तर अंगाला तीन किलोची गोष्ट बांधलेली नको. रोहित पक्षी, पट्टकदंब हे सगळं 100-400 वरच होतं, आर 7 च्या क्रॉपमुळे, म्हणजे सेन्सर लहान असल्यामुळे, 400 चे 640 एमएमसारखे दिसतात, त्यामुळे लेन्स बदलायचा प्रश्न आलाच नाही. मग ही लेन्स कॅमेऱ्याला लावलेली असताना बॅगेत बसते का? नाही. सुटी लेन्ससुद्धा उभी नीट बसत नाही, आणि हे घेताना विचारायला हवं होतं. वेबसाइटवर लेन्सची लांबी साडेसोळा सेंमी आणि बॅगेची आतली खोली अठरा, मी म्हटलं उभी आरामात बसेल. पण कंपनी लांबी देते ती टोप्या सोडून. पुढची-मागची टोपी लावली की जवळजवळ अठराच होते, झाकणाला आतून फोम आहे तो वेगळा, त्यामुळे झाकण वर फुगून झिप ताणली जायची. आता आडवी ठेवते, पण मग मधला वेल्क्रोचा एक भाग काढावा लागला.

झाकण कुठल्या बाजूला उघडतं हे पण दुकानात बघून घ्या. माझ्या बॅगेचं झाकण बाहेरच्या बाजूला, अंगापासून लांब उघडतं, ते उत्तम आहे, हात सरळ आत जातो. काही बॅगांचं झाकण आपल्या पोटाकडे उघडतं, मग प्रत्येक वेळी ते एका हाताने धरून ठेवावं लागतं. तळाला ट्रायपॉडसाठी दोन पट्ट्या आहेत, एकदाच वापरल्या, चालताना ट्रायपॉड मांड्यांच्या मागे आपटतो, नंतर पट्ट्या कापून टाकल्या. बाटलीच्या कप्प्यात अर्ध्या लिटरची बाटली ठेवली तर बॅग एका बाजूला कलते, पाणी संपेपर्यंत वाकडी चालते, म्हणून आता बाटली हातातल्या पिशवीत. एसटीत, रिक्षात बसताना पुढे फिरवायची, स्कूटर चालवताना मागे, गाडीत सीट बेल्टखाली अजिबात नको, काढून मांडीवर.

दुकानात जाणार असाल तर आपलं सगळं सामान घेऊन जा, भरा, बांधा आणि दहा मिनिटं तशाच फिरा. स्टुलावर बसून बघा, खाली वाकून बुटाची लेस बांधून बघा, पाच-सहा पायऱ्या चढा-उतरा. दुकानदार काही म्हणत नाही, मी नंतर मैत्रिणीच्या वेळी असंच केलं आणि तीन बॅगांपैकी दोन तिथेच बाद झाल्या.

दहा महिन्यांनी माझ्या बॅगेची शिवण सगळीकडे शाबूत आहे, फोम थोडा बसलाय, पाठीकडे घामाचे पांढरे डाग पडले होते ते कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघाले. मान गेल्या सहा महिन्यांत एकदाही धरलेली नाही. फक्त मुख्य झिपेचा रनर एका बाजूने सैल झालाय, ओढल्यावर मागचे दात उघडेच राहतात, तो बदलायला काकांकडे टाकलीये, शनिवारी देतो म्हणालेत.