ऑडिओमॉथ आणि बर्डनेट : जंगलातल्या पक्ष्यांच्या सर्व्हेसाठी घ्यावं का?

घ्याच, फक्त पक्ष्यांची यादी पूर्ण मशीनवर सोडून देणार असाल तर नका घेऊ.

ऑडिओमॉथ म्हणजे आपोआप आवाज रेकॉर्ड करणारा छोटा रेकॉर्डर, तळहातात मावतो, तीन डबल ए सेल आणि मायक्रो एसडी कार्ड, बस. लॅपटॉपवरून वेळा सेट करायच्या, झाडाला बांधायचा आणि निघून यायचं. यातलं निघून येणं फार मोलाचं आहे, कारण माणूस आसपास असला की लाजरे पक्षी गप्प होतात, आणि घुबडं-रातव्यांसाठी रोज रात्रभर जंगलात थांबणार कोण. शिवाय आवाज जपून राहतो, पॉइंट काउंटमध्ये (एका जागी ठराविक वेळ थांबून दिसलेले-ऐकलेले पक्षी नोंदवणं) कुणी "ऐकला" म्हणालं की विषय तिथेच संपतो, इथे शंका आली तर तीच क्लिप दुसऱ्या जाणकाराला ऐकवता येते, अगदी काही वर्षांनीसुद्धा.

384 किलोहर्ट्झपर्यंतच्या सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) सोय वटवाघळांसाठी, पक्ष्यांना 48 भरपूर झालं. तेवढ्यावरही तासाला साधारण 345 एमबी जातात, म्हणजे 32 जीबीचं कार्ड चार दिवसांत फुल्ल, म्हणून पहाटे सलग आणि बाकी वेळ दर दहा मिनिटांतलं एक मिनिट असं लावलेलं बरं. पावसापाण्यासाठी केस वेगळी घ्यावी लागते. सेल बदलले की घड्याळ परत लावायचं, हे तर अजिबात विसरू नका.

आता बर्डनेट. अमेरिकेतली पक्षी-अभ्यास संस्था कॉर्नेल लॅब आणि जर्मनीतल्या केमनिट्झ विद्यापीठाचं हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, आवाजावरून 6000 च्या वर प्रजाती ओळखतं, रेकॉर्डिंगचे 3-3 सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला 0 ते 1 मधला स्कोअर देतं. पण 0.8 म्हणजे 80 टक्के खात्री असं मुळीच नाही! एका पक्ष्याला 0.3 ला पण बरोबर असतं, दुसऱ्याला 0.9 ला पण चुकतं, त्यामुळे प्रत्येक प्रजातीच्या कमी-जास्त स्कोअरच्या क्लिपा स्वतः ऐकून मगच कटऑफ, म्हणजे कितीच्या वरचा स्कोअर खरा धरायचा ते, ठरवा. भृंगराज कोतवाल तर दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत, त्याच्या जंगलात यादी जास्तच तपासा. पहाटे दहा जण एकदम गातात तेव्हाही गोंधळ होतो.

आणि प्लीज, यावरून संख्या काढू नका. एकच पक्षी शंभरदा ओरडला की शंभर डिटेक्शन येतात, उलट गुपचूप घिरट्या घालणारे शिकारी पक्षी यादीत येतच नाहीत, त्यांच्यासाठी थोडे पॉइंट काउंट चालूच ठेवा. बर्डनेट रन करताना अक्षांश-रेखांश आणि आठवडा टाका, नाहीतर भलत्याच खंडातले पक्षी यादीत येऊन बसतात.