कापसाच्या पेढीतली सॉफ्टवेअर जोडायची कशी: फाइल, थेट जोडणी की मधला हब?

जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढणं) आणि रुईचा व्यापार करणाऱ्या मध्यम पेढीत आज निदान पाच ठिकाणी नोंदी होतात. वजनकाटा, प्रेसवरचं गाठवार वजन, सौदे आणि जोखीम सांभाळणारं सीटीआरएम, हिशेबाला टॅली आणि वायद्याच्या ब्रोकरकडून रोज येणारी फाइल. ई-इनव्हॉइस आणि मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची सरकारी पोर्टलं वेगळीच. हे सगळं एकमेकांशी जोडायचं तर बाजारात चार वाटा आहेत.

पहिली वाट एक्सेलची: इकडून फाइल काढायची, तिकडे चढवायची. खर्च जवळपास शून्य. पण ई-वे बिलाचा क्रमांक 12 अंकी असतो. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की तो 1.23E+11 असा दिसतो, आणि कुणी तशीच सेव्ह केली की शेवटचे अंक कायमचे गेले. लॉट क्रमांकापुढची शून्यं उडतात ती वेगळीच. तरीही दिवसाला वीस-पंचवीस गाड्या आणि मोजके सौदे असतील तर मी हीच वाट सुचवेन, फक्त फाइल माणसाने उघडायची नाही. रात्री ठरल्या वेळी प्रोग्रामने उचलायची आणि सकाळी दोन्हीकडच्या बेरजा ताडून बघायच्या.

दुसरी वाट थेट जोडणीची. टॅली एक्सएमएलमधून व्हाउचर स्वीकारते, बहुतेक ठिकाणी 9000 या पोर्टवर. काट्यावरची पावती थेट खरेदीत जाते, आणि शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरायचा जीएसटीही त्याच वेळी लागतो. गडबड होते ती नेट तुटल्यावर. पाठवणाऱ्याला उत्तर मिळत नाही, तो पुन्हा पाठवतो आणि एकच खरेदी दोनदा बसते. ई-इनव्हॉइसमध्ये हे होत नाही, कारण तिथला 64 अक्षरी आयआरएन (बिलाची एकमेव ओळख) विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), कागदाचा प्रकार, क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून तयार होतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तर पोर्टल ते नाकारतं. आपल्या जोडणीतही प्रत्येक पावतीला अशी न बदलणारी ओळख हवी. ‘ती नंतर करू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरी वाट मधल्या हबची: सगळी सॉफ्टवेअर एकमेकांऐवजी मधल्या एका प्रोग्रामला जोडायची. तो कधी लागतो? पाच सॉफ्टवेअर प्रत्येकाशी प्रत्येक जोडली तर दहा जोडण्या होतात, हबला पाचच. पण पैसे वसूल होतात ते वेगळ्याच कारणाने: मापं.

शेतकऱ्याचा कापूस क्विंटलवर, रुईची गाठ 170 किलोची धरलेली, गिरणीशी भाव खंडीवर, आणि निर्यातदार बघतो न्यूयॉर्कच्या वायद्याकडे, तिथे भाव पाउंडाला सेंटमध्ये. खंडी 355.62 किलोची. कुणी टॅलीत ती 356 धरली आणि सीटीआरएममध्ये 355.62, तर शंभर खंडीला 38 किलोचा फरक पडतो आणि तो महिनाअखेरीला ‘घट’ म्हणून खपतो. शंभर गाठींच्या हिशेबी 47.8 खंडी होतात; एमसीएक्स या वायदेबाजारातला कापसाचा लॉट 48 खंडीचा. प्रेसवर प्रत्यक्षात सगळ्या गाठी 170 च्या निघत नाहीत, म्हणून हेजने (भावाच्या जोखमीविरुद्ध केलेल्या वायद्याने) किती माल झाकला गेला हे खऱ्या वजनावरच कळतं. ही रूपांतरं दोन-दोन जोडण्यांत विखुरली की चूक सापडत नाही. हबमध्ये ती एकाच तक्त्यात राहतात. साठवताना सगळीकडे किलो, आणि खंडी-गाठ फक्त पडद्यावर दाखवायला, असं करता आलं तर उत्तम.

चौथी वाट, सगळं एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअर-संचात. नव्याने सुरू होणाऱ्या किंवा परदेशी शाखा असलेल्या पेढीला ठीक. यवतमाळ-जळगावकडच्या पेढीला तिथला काटा आणि सीएचं टॅली सुटत नाही, म्हणजे जोडणी शिल्लकच राहते आणि वर परवान्याचा खर्च.

माझा कल असा: एक-दोन जिनिंग असतील तर रात्रीची फाइल, आणि फक्त काटा व ई-इनव्हॉइस थेट. भाव नंतर ठरवायचे सौदे, वायद्यातलं हेजिंग आणि तीनहून जास्त केंद्रं असतील तर हब. हंगामात रात्री जोडणी तुटली तर फोन कोण उचलणार, हे मात्र दोन्हीकडे करारात लिहून घ्या.

डेमोत विक्रेत्याला एक बिल करायला लावा आणि लगेच रद्द करायला लावा. आयआरएन 24 तासांत रद्द करता येतो. ते रद्द झाल्याचं सीटीआरएममधल्या सौद्यापर्यंत आणि गोदामातल्या गाठींपर्यंत आपोआप पोचतं का, ते समोर बसून बघा. बहुतेक डेमो तिथेच अडकतात.