यजमान आणि मिसेस रॉय

परक्या माणसांशी बोलताना नवऱ्याचा उल्लेख कसा करायचा, हा प्रश्न ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहातल्या पहिल्याच कथेची निवेदिका झीनत अगदी आरंभी मांडून बसते. ‘घरचा माणूस’ म्हणावे तर तो दिवसभर असतो कचेरीत, आणि ‘यजमान’ म्हणावे तर तो मालक आणि आपण नोकर ठरतो, हे तिला मुळीच पटत नाही. इंग्रजीतून वाचणाऱ्या परदेशी वाचकाला हा परिच्छेद गमतीदार वाटून गेला असेल. मी मात्र ‘यजमान’ या शब्दापाशी थबकले, कारण आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायका आजही गॅसच्या टाकीची चौकशी करायला फोन करतात तेव्हा ‘आमच्या यजमानांच्या नावावर आहे’ असेच सांगतात. त्या दुपारी मेथी निवडता निवडता ही कथा मी सासूबाईंना मराठीतून सांगत होते. बावन्न वर्षांचा संसार ‘अहो’ आणि ‘हे’ या दोन शब्दांवर निभावलेल्या त्या बाईंनी काडी मोडून बाजूला टाकली आणि विचारले, “मग ती त्याला म्हणते तरी काय?”

‘हार्ट लॅम्प’च्या लेखिका बानू मुश्ताक या कर्नाटकातल्या हासनच्या. त्या व्यवसायाने वकील असून कन्नडमधल्या बंडाय, म्हणजे बंडखोर, साहित्य चळवळीतून पुढे आलेल्या लेखिका आहेत. 1990 ते 2023 या काळात त्यांनी लिहिलेल्या कथांपैकी बारा कथा दीपा भास्ती यांनी निवडून इंग्रजीत आणल्या आणि 2025 च्या मे महिन्यात या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला आणि कन्नड पुस्तकाला हा मान प्रथमच मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम अनुवादिकेला जाते, हा या पुरस्काराचा नियम मला त्याच्या प्रतिष्ठेहून अधिक आवडतो.

शीर्षककथेचे कन्नड नाव ‘एदेय हणते’. ‘हणते’ म्हणजे पणती. जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, हे ठाऊक असले की दोन्ही शब्दांची सोयरीक लगेच उमगते. इंग्रजी ‘लॅम्प’मध्ये कंदील, टेबलावरचा दिवा आणि रस्त्यावरचा दिवा हे सगळेच सामावतात, पण पणतीतले तेल आटत जाणे आणि वात चरचरणे त्यात येत नाही. नवऱ्याने टाकलेली मेहरून माहेरी येते, भाऊ तिला त्याच रात्री परत सासरी आणून सोडतात, आणि मग ती रॉकेलच्या डब्यापर्यंत पोहोचते. अशा कथेला पणतीचेच नाव हवे होते. आपल्या सीमेला लागून असलेल्या भाषेतली गोष्ट लंडनला वळसा घालून माझ्या हाती यावी, याची वाचताना मला सारखी चुटपुट लागून राहिली.

तरी अनुवादिकेला दाद द्यायला हवी. त्यांनी दखनी, उर्दू, अरबी आणि कन्नड शब्द तिरप्या टायपात उभे केलेले नाहीत आणि तळटीपाही दिलेल्या नाहीत. बायका नवऱ्याला ‘री’ म्हणतात, तो ‘री’ तसाच ठेवला आहे. मराठी वाचकाला त्याचा अर्थ शोधावा लागत नाही. तो आपला ‘अहो’च आहे, आदर, जवळीक आणि दबलेपणा या तिन्ही गोष्टी एका दमात सांगणारा. काही संवाद मात्र इंग्रजीत अवघडून बसतात, आणि शिव्याशापांची धार तर बरीचशी बोथट झाली आहे.

संग्रहातली सर्वांत ताकदीची कथा माझ्या मते ‘ब्लॅक कोब्राज’. तीन मुलींच्या आईला, अश्रफला, नवऱ्याने सोडले आहे. तिला दानधर्म नको आहे, हक्काची पोटगी हवी आहे, आणि म्हणून ती मुतवल्लीकडे, म्हणजे मशिदीच्या कारभाऱ्याकडे, पुन्हा पुन्हा खेटे घालते आणि अखेरीस आजारी मुलीला घेऊन मशिदीच्या आवारातच ठाण मांडते. मूल तिथेच दगावते. त्यानंतर गावातल्या बायका मुतवल्लीला ज्या तऱ्हेने शाप देतात, ती पाने वाचताना मला समाजसुधारक हमीद दलवाईंची आठवण झाली. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला होता. त्या सातजणींपैकी प्रत्येकीची एकेक कथा झाली असती, आणि मराठीत ती पुरेशी झाली नाही, असे मला वाटते. (मराठी कथेतली मुस्लिम स्त्री आजही बहुधा शेजारच्या घरात असते आणि ईदला शीरखुर्मा पाठवण्यापुरतीच येते.)

दोष सांगायचे तर, या संग्रहातले पुरुष फार एकसुरी आहेत. पहिल्या कथेतला, बायकोसाठी महाल बांधण्याच्या बाता मारणारा इफ्तिखार तिच्या मृत्यूनंतर किती लवकर दुसरे लग्न करतो, हे दाखवताना लेखिकेने मोजकेपणा राखला आहे. पण पुढच्या काही कथांत नवरा दारातून आत आला की तो काय करणार हे वाचकाला आधीच कळते. काही ठिकाणी निवेदिकेतली वकील जागी होते आणि युक्तिवाद करू लागते. म्हणूनच मला ‘अ टेस्ट ऑफ हेवन’सारखी तिरकी कथा अधिक भावली. आयुष्यभर जपलेला जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, खराब झाल्यावर मन हरवून बसलेल्या म्हातारीला घरातली मुले पेप्सी हे स्वर्गातले पेय असल्याचे सांगून पाजतात, आणि ती त्यात सुखी होते. हसावे की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

शेवटच्या कथेत एक स्त्री थेट परमेश्वराला उद्देशून बोलते आणि एकदा बाई होऊन बघ म्हणून त्याला आव्हान देते. आमच्या जनाबाईने हे काम सातशे वर्षांपूर्वी परस्पर उरकून विठोबाची विठाबाई केली होती. बानू मुश्ताक यांच्या नायिकेला मात्र दळू लागणारा देव मिळालेला नाही, म्हणून तिचे गाऱ्हाणे कोरडे आणि जास्त बोचरे आहे.

हा संग्रह खाली ठेवला आणि लगेच अरुंधती रॉय यांचे ‘मदर मेरी कम्स टू मी’ हे 2025 च्या सप्टेंबरात आलेले आत्मकथन हाती घेतले. इथेही पहिल्या काही पानांतच संबोधनापाशी अडले. लेखिकेची आई मेरी रॉय यांनी कोट्टयमला शाळा काढली. तिथे इतर मुलांप्रमाणेच स्वतःच्या मुलामुलीनेही त्यांना ‘मिसेस रॉय’ म्हणायचे होते, आणि त्याची सवय एवढी झाली की साडेतीनशेहून अधिक पानांच्या या पुस्तकातही आईचे नाव बहुतेक ठिकाणी तेच राहिले आहे. ‘री’ म्हणणारी बायको आणि ‘मिसेस रॉय’ म्हणणारी मुलगी यांत अंतर पुष्कळ आहे. पण घरातली सत्ता कोणाकडे आहे हे दोन्हीकडे हाक ऐकूनच समजते.

शाळेच्या सुरुवातीची पाने या पुस्तकातली सर्वोत्तम आहेत. ती रोटरी क्लबच्या जागेत भरायची. संध्याकाळी तिथे पुरुष मंडळी जमत आणि सकाळी त्यांची सिगारेटची थोटके आणि उष्टे कप उचलून मग बाके मांडावी लागत. ही एवढी एक गोष्ट लेखिकेने कुठलाही शेरा न मारता सांगितली आहे. पुढे लॉरी बेकर यांनी बांधलेली वास्तू आणि ‘पल्लिकुडम’ म्हणून झालेले नाव हे सगळे येते, पण माझ्या डोळ्यांपुढून ते कप हलत नाहीत. हीच आई मुलीला जिव्हारी लागेल असे बोलते, दम्याच्या धापेतही सगळ्यांना धाकात ठेवते, आणि तिच्यावर प्रेम करत राहता यावे म्हणून मुलगी अठराव्या वर्षी तिला सोडून जाते. मराठीत पत्नींनी पतींविषयी परखड लिहिल्याची परंपरा मोठी आहे. आईविषयी इतके निर्भीड आणि तरीही बदल्याच्या भावनेपासून दूर असलेले लेखन माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मुलींना वडिलांच्या संपत्तीत मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढेच देणाऱ्या त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्याविरुद्ध मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 च्या फेब्रुवारीत जिंकल्या. त्याच वर्षी मे महिन्यात, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणाऱ्या शाहबानो निकालाचा परिणाम पुसण्यासाठी, घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांचा कायदा संसदेने केला. तीन महिन्यांच्या अंतराने एका बाईला वाटा मिळाला आणि दुसरीची पोटगी आखडली. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली नसती तर या दोन तारखा माझ्या मनात कधीच शेजारी आल्या नसत्या. अश्रफ मशिदीच्या पायरीवर का बसते, हे मला हासनच्या कथेपेक्षा कोट्टयमच्या खटल्याने अधिक स्पष्ट केले.

रॉय यांच्या पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र सैल आहे. नर्मदा, न्यायालयाचा अवमान, एका दिवसाचा तुरुंगवास, काश्मीर, दंडकारण्य हे त्यांच्या निबंधांतून आधीच वाचलेले असते, आणि ज्या नर्मदेवरच्या धरणाने आपल्या नंदुरबारकडची तेहेतीस गावे बाधित केली तिच्याविषयी इथे नवे असे थोडेच हाती लागते. आई दृश्यातून बाजूला गेली की पुस्तकाचा ताण उतरतो, ती परतली की पुन्हा चढतो. पूर्वार्ध सावकाश वाचावा, मधली पाने चाळली तरी चालतील, असे माझे प्रामाणिक मत आहे. ‘हार्ट लॅम्प’ मात्र दिवसाला एकच कथा या हिशेबाने वाचावा. ओळीने वाचला तर दुःखाचीही सवय होते.

सासूबाईंना रॉय यांची गोष्ट मी थोडक्यात सांगितली. खटल्याशी किंवा शाळेशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. “मुलगी शेवटी तिला आई म्हणाली का?” एवढेच त्यांनी विचारले. मुखपृष्ठावर म्हणाली आहे, मी सांगितले, पण आत बहुतेक ठिकाणी मिसेस रॉयच.