गावचं शाखा पोस्ट: पैसे ठेवायला उत्तम, काढायला आदल्या दिवशी सांगा

शाखा पोस्ट बहुतेक गावांत पोस्टमास्तरांच्या घरच्या पुढच्या खोलीत असतं, कारण जागा त्यांनीच द्यायची आणि काम दिवसाला 4-5 तासांचं. अमेरिकेतल्या छोट्या गावांतही सुरुवातीला हेच होतं. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात पोस्ट, मास्तरांचं मानधन किती तिकिटांवर शिक्के मारले त्यावर. 1896 साली खेड्यांत घरपोच टपाल सुरू झालं, तोवर तिथल्या शेतकऱ्याला पत्र आणायलाही दुकान गाठावं लागे. आपल्याकडे पत्र दारात येतं. खेटे पडतात ते रोख रकमेसाठी.

शाखेत रोकड मोजकीच असते. मोठी रक्कम वरच्या पोस्टातून थैलीत येते, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आरडी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायची ठेव, मात्र घ्यावीच. किमान हप्ता महिन्याला 100 रुपये, मुदत 5 वर्षं. शेतकऱ्याची अडचण एकच, पैसा येतो कापूस-सोयाबीन विकल्यावर आणि हप्ता असतो दरमहा. चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे महिन्याला 1 रुपया दंड, सलग 4 चुकले की खातं बंद पडतं आणि 2 महिन्यांत सुरू करून घ्यावं लागतं. त्यापेक्षा माल विकला की 12 हप्ते एकदम आगाऊ भरा. शंभराच्या हप्त्याला 40 रुपये सूट मिळते, म्हणजे 500 च्या आरडीत 200 रुपये वाचले. हे आपणहून कोणी सांगत नाही.

आधारवर, म्हणजे आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा देऊन, पैसे काढणं सोयीचं, कोणत्याही बँकेतले निघतात, एका वेळी 10,000 पर्यंत. पण कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं सोललेली असतात, ठसा लागत नाही. हात धुऊन कोरडे करा, मशीनची काच पुसायला सांगा, दुसरं बोट लावून पाहा. खात्यातून पैसे कटले आणि हातात आले नाहीत, तर पावती सांभाळा. 5 दिवसांत परत जमा व्हायला हवेत.

पोस्टाचं बचत खातं वेगळं आणि पोस्ट पेमेंट्स बँकेचं, म्हणजे टपाल खात्याच्याच बँकेचं, वेगळं. दुसरं उघडताना अनुदानासाठी आधार जोडायला होकार दिला, की सरकारी पैसे जुन्या बँकेऐवजी तिकडे जायला लागतात. मग घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात. अर्जावरचा तो रकाना वाचून मगच सही करा.